खेळणाऱ्याच्या यंत्राची मुखत्यारी

मुक्तस्रोत संगणकप्रणालींचे समर्थन करणारी माणसे आपल्या पक्षाचे दाखले बहुधा गंभीर व्यवहारांतून निवडतात. जगातील सर्वाधिक वेगवान पाचशे महासंगणक २०१७ सालापासून लिनक्सवरच चालत आलेले आहेत, आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या अंतरंगातही लिनक्सचाच गाभा आहे, इंटरनेटचा बराचसा कारभार ज्या दूरस्थ यंत्रांवर चालतो त्यांपैकी बहुसंख्य यंत्रे याच प्रणालीच्या अंमलाखाली आहेत, ही त्यांची विधाने यथार्थच आहेत. परंतु घरातील एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने ‘मग यावर माझे गेम चालतील का?’ असा साधा प्रश्न केला, की हेच समर्थक पुष्कळ वर्षे अडखळत असत, आणि खेळासारख्या गौण बाबीवरून एवढ्या मोठ्या कार्याची परीक्षा करू नये असे सांगून तो प्रश्न बाजूला सारीत असत. तो प्रश्न बाजूला सारण्याजोगा नव्हता, असे माझे निश्चित मत आहे.

संगणकाकडून मनुष्य जी जी कामे करून घेतो त्यांत खेळाइतके सर्वांगांनी कठीण काम क्वचितच दुसरे सापडेल. पत्र लिहिताना पडद्यावर अक्षर उमटण्यास क्षणभर विलंब झाला तर लिहिणाऱ्याचे काही बिघडत नाही. पण सेकंदाला साठ चित्रे दाखविणाऱ्या खेळात प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंदांचीच मुदत असते, आणि तेवढ्या अवधीत खेळाडूच्या बोटाची हालचाल वाचणे, तिचा परिणाम ठरविणे, प्रकाश आणि छाया यांचे गणित करणे, ध्वनी सिद्ध करणे आणि प्रतिस्पर्धी दूर असेल तर त्याच्याशी संदेशांची देवघेव करणे, हे सारे पार पडावे लागते. शिवाय खेळाबरोबर अनेक परक्या अटी घरात येतात: तो कोणत्या यंत्रावर चालावा, कोणत्या साधनाने खेळावा, त्यात काय दाखवावे, आणि आपण नियम पाळतो की नाही यावर कोणी नजर ठेवावी. म्हणूनच ज्याने स्वतःचे पैसे मोजून यंत्र घरी आणले त्याची त्या यंत्रावर मुखत्यारी कितपत चालते, हा प्रश्न खेळाच्या क्षेत्रात जितका उघडा पडतो तितका अन्यत्र पडत नाही.

मुक्तस्रोत म्हणजे ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते ती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा करून या विचाराला कार्यक्रमाचे रूप दिले, आणि १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून त्या कार्यक्रमाला लागणारा सर्वांत महत्त्वाचा भाग पुरविला. खेळ या प्रणालीकडे लवकरच आले. इड सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘डूम’ १९९३ च्या डिसेंबरात निघाला आणि पुढल्याच वर्षी त्याची लिनक्स आवृत्ती तयार झाली. १९९७ च्या अखेरीस त्याच संस्थेच्या जॉन कारमॅक यांनी त्या खेळाची संहिताच जगापुढे ठेवली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ती ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आली. या घटनेचे महत्त्व पुढे आशयाच्या नियमांविषयी बोलताना लक्षात येईल.

व्यापारी पातळीवर मात्र आरंभ खडतर होता. लोकी सॉफ्टवेअर नावाची कॅलिफोर्नियातील संस्था १९९८ साली केवळ याच उद्देशाने निघाली, की इतरांनी विंडोजसाठी रचलेले नामांकित खेळ लिनक्सवर आणून विकावेत. २००२ च्या जानेवारीत तिला आपला कारभार गुंडाळावा लागला. तिच्या दिवाळखोरीतून एक अत्यंत उपयुक्त गोष्ट मागे राहिली. तेथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली रचलेले एसडीएल हे ग्रंथालय, म्हणजे चित्र, ध्वनी आणि खेळसाधने यांच्याशी कोणत्याही प्रणालीवर एकाच रीतीने व्यवहार करण्याची सोय, संहिता उघडी असल्यामुळे संस्थेबरोबर नष्ट झाली नाही, आणि आज असंख्य खेळांच्या पायात ती आहे.

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर का चालत नाही, हे सामान्य वाचकाला नीट समजावे असे मला वाटते, कारण पुढील सारा इतिहास त्यावर उभा आहे. दोन्ही प्रणाली ज्या प्रोसेसरवर चालतात तो एकच असतो, आणि खेळातील बहुतेक आज्ञा त्या प्रोसेसरला जशाच्या तशा समजतात. अडचण येते ती खेळ जेव्हा प्रणालीकडे काही मागतो तेव्हा: फाईल उघडून दे, खिडकी दाखव, अमुक त्रिकोण अमुक रंगाने रंगव. ही मागणी विंडोजच्या रीतीने केलेली असते, आणि चित्रांच्या बाबतीत तर ती मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी या खास पद्धतीने केलेली असते. १९९३ साली सुरू झालेल्या वाइन या प्रकल्पाने यावर उपाय शोधला तो दोन दरबारांमध्ये बसणाऱ्या दुभाष्यासारखा: खेळाची मागणी ऐकावयाची, ती लिनक्सच्या रीतीने पुढे मांडावयाची आणि आलेले उत्तर खेळाला समजेल अशा रूपात परत द्यावयाचे. यात दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करावे लागत नाही, म्हणून वेगही फारसा घटत नाही. पण विंडोजच्या हजारो मागण्या, त्यांतील लेखी नोंद नसलेले बारकावे आणि जुने दोषसुद्धा, मायक्रोसॉफ्टची संहिता न पाहता केवळ बाहेरून निरीक्षण करून पुन्हा रचावयाचे, हे काम किती चिकाटीचे आहे याची कल्पना एवढ्यावरून यावी, की वाइनची १.० ही आवृत्ती २००८ च्या जूनमध्ये, म्हणजे आरंभानंतर पंधरा वर्षांनी निघाली. अलेक्झांडर ज्युलियार्ड हे १९९४ पासून या प्रकल्पाची धुरा वाहात आहेत. अशा माणसांची नावे वृत्तपत्रांत क्वचितच येतात, पण त्यांच्या श्रमांवर आज लक्षावधी खेळाडूंचा संध्याकाळचा विरंगुळा उभा आहे.

या श्रमांना भांडवलाची जोड मिळाली ती व्यापाऱ्याच्या भीतीतून. स्टीम हे संगणकीय खेळांचे फार मोठे दुकान चालविणारी वॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी आपल्या विक्रीसाठी सर्वस्वी विंडोजवर अवलंबून होती. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ मध्ये स्वतःचे दुकान बसविण्याची तजवीज केली, तेव्हा वॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल, जे पूर्वी मायक्रोसॉफ्टचेच नोकर होते, यांनी त्या प्रणालीला संगणकव्यवसायावरील आपत्ती असे जाहीरपणे म्हटले. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आले. २०१५ च्या नोव्हेंबरात लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशिन’ नावाची यंत्रे बाजारात आली आणि ती सपशेल अयशस्वी ठरली, कारण यंत्र होते तरी त्यावर चालणारे खेळ फार थोडे होते, आणि खेळ रचणाऱ्यांनी थोड्या ग्राहकांसाठी स्वतंत्र आवृत्ती काढावी ही अपेक्षा व्यवहारात टिकली नाही.

या अपयशातून कंपनीने जो बोध घेतला तो निर्णायक ठरला. खेळ रचणाऱ्याला काहीच बदलावयास न लावता त्याचा विंडोजचाच खेळ लिनक्सवर चालवून दाखवावा, या उद्देशाने वाइनचा आधार घेऊन तिने प्रोटॉन नावाची व्यवस्था सिद्ध केली आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी ती सर्वांना खुली केली. त्यातील सर्वांत मोलाचा घटक डीएक्सव्हीके हा आहे. फिलिप रेबोले यांनी ‘निअर: ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळता यावा या इच्छेने तो लिहावयास घेतला होता, डायरेक्टथ्रीडीच्या मागण्या तो व्हल्कन या २०१६ साली निघालेल्या खुल्या चित्रणपद्धतीत उतरवितो. एका माणसाची खेळण्याची आवड सर्वांच्या उपयोगी पडली, कारण त्याने आपले काम उघडे ठेवले होते. पुढे खेळांच्या गरजेपायी लिनक्सच्या गाभ्यातही भर पडली. विंडोजवरील खेळ एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहात थांबू शकतात. लिनक्सवर तशी थेट सोय नव्हती, ती २०२२ च्या आरंभी ५.१६ या आवृत्तीत आली, आणि २०२५ मध्ये ६.१४ या आवृत्तीत विंडोजच्या या वर्तनाशी तंतोतंत जुळणारा स्वतंत्र भाग दाखल झाला.

२८ फेब्रुवारी २०२२ पासून वॉल्व्हचे ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र ग्राहकांच्या हाती पडू लागले. त्याच्या आत आर्च लिनक्सवर आधारलेली प्रणाली आहे, आणि तिच्यावर हजारो विंडोजचे खेळ खेळणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरीत आहोत याचा पत्ताही नसतो. प्रत्येक खेळाची तपासणी करून वॉल्व्ह त्याला श्रेणी देते: पूर्णपणे तपासलेला, खेळण्याजोगा, न चालणारा आणि अद्याप अज्ञात. या यंत्राची मला विशेष वाटणारी बाब निराळीच आहे. मालकाला हवे असल्यास तो त्यातील प्रणाली बदलू शकतो, दुसरे लिनक्स किंवा विंडोजही बसवू शकतो, आणि यंत्र उघडून त्याचे भाग बदलू शकतो. विकणाऱ्याने ती मुभा त्याच्याकडून काढून घेतलेली नाही. तथापि स्टीम हे दुकान स्वतः बंदिस्त संहितेचे आहे आणि त्यातील बहुतेक खेळही तसेच आहेत, हा मुक्तस्रोताच्या कडव्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप खरा आहे, आणि तो लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझा कल असा आहे, की बंदिस्त खेळ खुल्या जमिनीवर खेळला जाणे हे बंदिस्त जमिनीवर खेळला जाण्यापेक्षा श्रेयस्कर आहे, कारण त्या निमित्ताने जमिनीची जी मशागत झाली ती सर्वांच्या मालकीची राहिली आहे.

आता हातातील साधनाकडे वळू. कंट्रोलर, ज्याला आपल्याकडील मुले सर्रास रिमोट किंवा जॉयस्टिक म्हणतात, हा खेळाडू आणि यंत्र यांच्यातील एकमेव प्रत्यक्ष दुवा होय, आणि तो जुळला नाही तर बाकीचे सारे सामर्थ्य व्यर्थ जाते. लिनक्सच्या गाभ्यात अशा साधनाकडून येणारी प्रत्येक हालचाल एका छोट्या नोंदीच्या रूपाने येते: केव्हा घडली, कोणत्या प्रकारची आहे, कोणत्या बटणाची वा कोणत्या दांड्याची आहे, आणि तिचे मूल्य किती. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखालील खालच्या बटणावर ‘ए’ लिहिलेले असते, निंटेंडोच्या कंट्रोलरवर तेच अक्षर उजव्या बाजूच्या बटणावर असते, आणि सोनीने अक्षरांऐवजी फुली, गोल, चौकोन आणि त्रिकोण वापरले आहेत. या तिन्हींना एकाच व्यवस्थेत बसविण्यासाठी लिनक्सने बटणांना दक्षिण, पूर्व, उत्तर आणि पश्चिम अशी दिशांवरून नावे दिली. अंगठा ज्या जागी पडतो ती जागा महत्त्वाची, तिच्यावर छापलेले चिन्ह दुय्यम, हा निर्णय मला अतिशय शहाणपणाचा वाटतो.

साधनांची ओळख पटविणारे चालक गाभ्यात कसे आले, हेही उद्बोधक आहे. एक्सबॉक्सच्या धाटणीच्या कंट्रोलरांचा चालक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे सांभाळला. निंटेंडोच्या साधनांचा चालकही समाजातील लोकांनीच लिहिला आणि तो ५.१६ या आवृत्तीत दाखल झाला. सोनीने मात्र आपल्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरचा चालक स्वतः लिहून लिनक्सला दिला आणि २०२१ च्या ५.१२ या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. ज्या कंपनीचा खेळयंत्राचा व्यवसाय कडेकोट बंदिस्त आहे तिनेही या सामायिक कोठारात आपला वाटा आणून घालावा, ही गोष्ट मला आशादायक वाटते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त, बिननावाच्या कंट्रोलरांचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. त्यांतील कित्येक साधने संगणकाला आपली ओळख अगदी मोघम सांगतात, आणि दोन निरनिराळ्या कारखान्यांतील साधनांची ओळख कधी कधी एकच निघते, त्यामुळे उजवा दांडा फिरवला की डावा फिरल्यासारखे होते किंवा दोन बटणांची अदलाबदल होते. यावर दोन उपाय आहेत. अनेक साधनांवर धाटणी बदलण्याचे एक लहानसे बटण असते, ते एक्सइनपुट या बाजूला केले की साधन एक्सबॉक्ससारखे वागू लागते आणि बहुतेक खेळांना तेच हवे असते. तेवढ्याने भागले नाही, तर एसडीएलच्या नोंदवहीचा आधार घ्यावा: कोणत्या साधनाचे कोणते बटण कोणत्या जागी समजावे याची एकेक ओळ जगभरच्या खेळाडूंनी तीत भरलेली आहे, आणि आपल्या साधनाची ओळ नसेल तर ती आपण स्वतः तयार करू शकतो.

कित्येकदा असे होते, की साधन ठीक असते, चालकही असतो, तरी खेळाला ते दिसत नाही. याचे कारण परवानगी हे असते. लिनक्सवर प्रत्येक साधन ही एक फाईल समजली जाते आणि ती कोणी वाचावी याचे नियम असतात. कीबोर्डची फाईल जर कोणत्याही आज्ञावलीला वाचता आली, तर आपण टंकित केलेला बँकेचा पासवर्डही तिला वाचता येईल. म्हणून खेळसाधनांपुरती सवलत देणाऱ्या नियमांची फाईल वेगळी बसवावी लागते, आणि लिनक्सच्या अनेक वितरणांत, म्हणजे वापरण्यास सिद्ध करून दिलेल्या संचांत, ती ‘स्टीम-डिव्हाइसेस’ या नावाने मिळते. नवख्या माणसाला हा त्रास वाटतो. पण परवानगी देणारा अखेर यंत्राचा मालकच असतो, आणि कोणाला किती मुभा दिली आहे हे त्याला साध्या मजकुरात वाचता येते. बंदिस्त प्रणालीत हा सारा निवाडा त्याच्या दृष्टीआड होतो.

बटणांची मांडणी बदलण्याचा अधिकार तर माझ्या दृष्टीने निव्वळ सोयीपलीकडचा आहे. स्टीमच्या अंतर्गत व्यवस्थेने किंवा अँटीमायक्रोएक्ससारख्या मुक्त आज्ञावलीने कोणतेही बटण कोणत्याही कृतीला जोडता येते, कंट्रोलर झुकवून नेम धरता येतो, दाबून धरण्याऐवजी एकदा दाबून सोडण्याची सोय करता येते. एक हात निकामी झालेल्या, बोटांत जोर नसलेल्या किंवा कंपवात जडलेल्या माणसाला यामुळे खेळ पुन्हा खेळता येतो. खेळाच्या कर्त्याने त्याचा विचार केला नसला तरी चालते, कारण खेळ आणि साधन यांच्या मधली पायरी खेळाडूच्या ताब्यात असते.

परंतु याच ताब्यावर एका ठिकाणी गंभीर वाद आहे. अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी रोखण्यासाठी जी नियंत्रक आज्ञावली लागते, ती अलीकडे प्रणालीच्या गाभ्यात शिरून सर्व यंत्रावर नजर ठेवण्याचा अधिकार मागते. ‘व्हॅलोरंट’ या खेळाबरोबर २०२० साली आलेली व्हॅनगार्ड ही तशीच आहे, आणि लिनक्सवर तो खेळ चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या दोन नियंत्रक आज्ञावलींनी २०२१ पासून प्रोटॉनवर चालण्याची तरतूद केली, पण तिचा उपयोग करावयाचा की नाही हे खेळाच्या कंपनीवर सोपविले. ‘एपेक्स लेजंड्स’ या खेळाने ती मुभा काही काळ दिली आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लबाडीचे कारण दाखवून काढून घेतली. कंपन्यांची बाजू समजून घेतलीच पाहिजे. ज्या प्रणालीचा गाभा मालकाला बदलता येतो तिच्या साक्षीवर दूरच्या परीक्षकाने विश्वास कसा ठेवावा, आणि लबाडांनी भरलेल्या मैदानावर प्रामाणिक खेळाडूने खेळावे तरी का, हे प्रश्न पोकळ नाहीत. तरीही माझ्या घरातील यंत्राच्या सर्वांत खोल भागी, बँकेचे व्यवहार आणि खासगी पत्रे ज्या यंत्रावर आहेत तेथे, एका खेळाच्या कंपनीचा प्रतिनिधी कायम बसवावा, हे मला मान्य होत नाही. कंपनीची हुकमत तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे. खेळाडूंच्या हालचालींचा छडा तिने तेथेच लावावा आणि दोषी खेळाडूला तेथूनच हद्दपार करावे. ज्यांचे आवडते खेळ याच वर्गातील आहेत त्यांनी मात्र लिनक्सकडे वळण्यापूर्वी ते चालतात की नाही याची खात्री अवश्य करून घ्यावी.

आशयाच्या नियमांचा विचार करताना प्रथम परवान्याचा विचार करावा लागतो. कारमॅक यांनी ‘डूम’ची संहिता दिली, पण त्यातील राक्षस, भिंती आणि संगीत दिले नाही, ती कलाकृती कंपनीच्या मालकीचीच राहिली. खेळाचे यंत्र, म्हणजे त्याला चालविणारी संहिता, आणि खेळाचा आशय यांचे हे विभाजन पुढे कायमचे झाले. फ्रीडूम या प्रकल्पाने त्या यंत्रासाठी सर्वस्वी नवी, मुक्त परवान्याची चित्रे आणि पातळ्या तयार केल्या. डेबियन या वितरणाने १९९७ सालीच आपला सामाजिक करार लिहून काढला होता, आणि त्यानुसार यंत्र मुक्त असूनही ज्याला मालकीहक्काचा आशय लागतो असा खेळ त्याच्या मुख्य संग्रहात येत नाही, तो वेगळ्या कप्प्यात ठेवला जातो. हा नियम काहींना कर्मठ वाटतो. मला त्यात सचोटी दिसते, कारण घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत आणि त्यावर कोणाचा हक्क आहे हे आधीच कळते.

वयाच्या दृष्टीने आशय पारखण्याची पद्धत अमेरिकेत १९९३ मध्ये सिनेटपुढे झालेल्या सुनावण्यांनंतर सुरू झाली आणि १९९४ साली तेथे उद्योगाने स्वतःचे ईएसआरबी हे मंडळ स्थापिले; युरोपात २००३ साली पेगी ही तशीच व्यवस्था आली. या संस्था शेवटी एक वयोमर्यादा सांगतात. मुक्तस्रोताच्या जगात लहान प्रकल्पांना परवडावी म्हणून निघालेली ओएआरएस ही व्यवस्था निराळ्या मार्गाने जाते. खेळाचा कर्ता एक प्रश्नावली भरतो: कार्टूनसारखी हिंसा, वास्तव हिंसा, मद्य, अर्वाच्य भाषा, जुगार, पैसे मोजून करावयाची खरेदी, अनोळखी माणसांशी गप्पा, अशा प्रत्येक बाबीत प्रमाण काहीच नाही, सौम्य, मध्यम की तीव्र, ते तो सांगतो. फ्लॅटहब या लिनक्सवरील मोठ्या वितरणकेंद्रात ही माहिती दिल्याशिवाय खेळ दाखल होत नाही. ज्या पालकाला पडद्यावरील तलवारबाजी चालते पण अनोळखी माणसांशी गप्पा चालत नाहीत, त्याला एका वयाच्या आकड्यापेक्षा ही तपशीलवार नोंद कितीतरी अधिक उपयोगी आहे. उत्तरे कर्ता स्वतःच भरतो, ही तिची उणीव होय.

दुकानांचे नियम याहून अस्थिर असतात. वॉल्व्हने २०१८ च्या जूनमध्ये जाहीर केले होते, की बेकायदा आणि केवळ उपद्रवासाठी केलेले खेळ वगळता सर्वांना आपल्या दुकानात जागा राहील; २०२५ च्या जुलैमध्ये तिच्या नियमांत पैसे वळते करणाऱ्या कंपन्या आणि कार्डांची जाळी यांच्या निकषांचा भंग होऊ नये अशी अट शिरली आणि प्रौढांसाठीचे अनेक खेळ काढले गेले. त्याच महिन्यात इच या स्वतंत्र कर्त्यांच्या दुकानाने प्रौढ आशयाचे सर्व खेळ आपल्या शोधयादीतून एकदम हटविले. त्या खेळांपैकी पुष्कळ मला स्वतःला अभिरुचिहीन वाटतात, आणि मुलांच्या हाती ते पडू नयेत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण जो आशय कायद्याने निषिद्ध ठरविलेला नाही तो कोणी पाहावा याचा निर्णय पैसे पोहोचविणाऱ्या मध्यस्थाने, सुनावणीशिवाय आणि दाद मागण्याच्या सोयीशिवाय करावा, ही प्रथा घातक आहे. कायद्याचा मसुदा निदान संसदेपुढे येतो. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्याचा शब्दन्‌शब्द कोणालाही वाचता येतो आणि न्यायालयात त्याला आव्हान देता येते. चित्रपटांना वयोगटाचे प्रमाणपत्र देणारे मंडळ आपल्याकडे जसे आहे तसे खेळांसाठी नाही, म्हणून पालकांना परदेशी मंडळांच्या चिन्हांवर किंवा वर सांगितलेल्या प्रश्नावलीवर विसंबावे लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक आपल्या घरांतून, शाळांतून आणि ग्रंथालयांतून पडून राहण्याची वेळ आली. अशा यंत्रावर लिनक्स बसवून खेळ खेळू इच्छिणाऱ्याने प्रथम त्याचे ग्राफिक्स कार्ड व्हल्कन जाणते की नाही ते पाहावे. जाणत नसेल तर प्रोटॉनच्या आधाराने चालणारे बहुतेक नवे खेळ विसरावेत आणि मुक्त खेळांकडे वळावे, ज्यांतील अनेकांना एवढे सामर्थ्य लागत नाही. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत लहान मुलांना एकाच पडद्यावर मिळून खेळता येते. ‘झिरो ए. डी.’ या प्राचीन साम्राज्यांच्या युद्धखेळात ग्रीक, रोमन आणि पारसिकांच्या बरोबरीने मौर्यही आहेत, त्यांचे गजदळ आहे, आणि चंद्रगुप्त, अशोक व चाणक्य ही पात्रे आहेत.

मराठीत खेळ निघावेत ही इच्छा बाळगणाऱ्यांना आता साधनांची वाण नाही. अर्जेंटिनात जन्मलेले आणि २०१४ साली खुले झालेले गोडो हे खेळ रचण्याचे यंत्र कोणालाही विनामूल्य मिळते, आणि २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या यथास्थित उमटतात. त्यापूर्वी ‘र्‍हस्व’ किंवा ‘स्त्री’ यांसारखे शब्द पडद्यावर आणताना विस्कटत असत. भाषांतराचे क्षेत्र तर कित्येक वर्षांपासून वाट पाहात आहे. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ या जुन्या खेळावरून २००४ साली सुरू झालेला ओपनटीटीडी हा रेल्वे, बस, जहाजे आणि विमाने यांची वाहतूक चालविण्याचा मुक्त खेळ अनेक भाषांत आहे, आणि त्याच्या संहितेत मराठीचीही फाईल आहे. ती अपूर्ण भाषांच्या कप्प्यात ठेवलेली आहे. आगार, थांबा, मालगाडी, फलाट, वेळापत्रक ही सारी परिभाषा एस. टी. आणि रेल्वे यांच्यामुळे मराठी माणसाच्या तोंडी रुळलेलीच आहे. प्रकल्पाकडे भाषांतरकार म्हणून नाव नोंदवून ती ओळीओळीने भरता येते, आणि त्यासाठी संगणकाचे खास शिक्षण लागत नाही; चांगली मराठी आणि थोडी सवड एवढे पुरते.